मशारनिल्हे आणि गांधीलमाशी

पेशवेकालीन पत्रांचे छापील खंड आमच्या काकांच्या फडताळात रांगेने उभे असत. सुटीच्या दुपारी घर निजले की त्यांतला एखादा ओढून मी माडीवर जाई. अर्थ निम्मा समजे, निम्मा कल्पनेने भरून काढावा लागे. त्या पत्रांत एक गृहस्थ मला पानोपानी भेटत. त्यांचे नाव 'मशारनिल्हे'. कधी ते स्वारीबरोबर असत, कधी त्यांना रक्कम पोचती झालेली असे, कधी ते शरीरी सावध नसत. एकच माणूस इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी कसा, याचे मला मोठे नवल वाटे. शेवटी मी मनाशी ठरवून टाकले की 'मशारनील' हा एखादा हुद्दा असावा, पोतनीस-चिटणिसांच्या पंगतीतला; आणि पुढचे 'हे' आपले नेहमीचे, आदरार्थी. मशारनील हे आले, मशारनील हे गेले!

काकांनी माझा हा भ्रम घालवला. "अरे, मशारनिल्हे म्हणजे वर ज्याचे नाव आले आहे तो. मजकूर म्हणतात ना, त्यातलाच प्रकार." एवढे सांगून ते पुन्हा पंचांगात शिरले. एका सरदाराला मी त्या दिवशी मुकलो.

परंतु त्या 'हे'चे खरे गोत्र कळायला मला साठी उलटावी लागली. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर थोडी फारसी शिकावी म्हणून मी गावातल्या एका वृद्ध मौलवीसाहेबांकडे जाऊ लागलो. एकदा बोलता बोलता मी मशारनिल्ह्यांची गोष्ट काढली. मौलवीसाहेब पोटभर हसले. मग कागद पुढे ओढून म्हणाले, "मास्तरसाहेब, हा एक शब्द नाही, तीन आहेत. मुशारुन् इलैहि. मुशार म्हणजे दाखवलेला, इला म्हणजे कडे, आणि शेवटची हि म्हणजे तो. ज्याच्याकडे बोट दाखवले, तो. तुमचे 'हे' मराठी नाही. तो आमच्या अरबीतला 'तो' आहे!"

मी घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. मग शिवकालीन पत्रे काढली. त्यांच्या मायन्यात 'राजश्री सिवाजीराजे दामदौलतहू' असे येते, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच. दाम दौलतुहू, म्हणजे 'त्याची दौलत चिरकाल राहो'. यातला शेवटचा 'हू' म्हणजे पुन्हा तोच 'तो'. राज्याभिषेकानंतर महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी मशारनिल्हे काही हटले नाहीत. पेशवाईच्या दप्तरात ते सुखाने नांदत राहिले आणि त्यांच्या शेपटाला बसून एक अरबी सर्वनामही नांदत राहिले. 'मौलाना' हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! मौला म्हणजे धनी, ना म्हणजे आमचा. 'सलाम अलैकुम' यातला कुम म्हणजे तुम्ही. दर्ग्याच्या पाटीवरच्या 'रहमतुल्ला अलैह' यातला ह म्हणजे तो. जन्मभर हे पाहुणे आपल्या घरात वावरत आहेत आणि आपण त्यांना नाव विचारलेले नाही.

आज त्यांचीच हकिगत सांगावी म्हणतो. दिवाळीच्या फराळाबरोबर व्याकरण वाढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. या हकिगतीत एक वजीर आहे, एक गांधीलमाशी आहे, आणि एका विद्वानाचा अकाली मृत्यूही आहे.

अरबीत सर्वनामांच्या दोन जाती आहेत. एक सुटी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी. दुसरी जोडून येणारी. त्यांना अरबी वैयाकरण 'मुत्तसिल' म्हणजे चिकटलेली म्हणतात. ही एकटी कधी उभी राहत नाहीत. नामाला चिकटली की मालकी सांगतात: किताबी म्हणजे माझे पुस्तक, किताबुक तुझे (पुरुषाला), किताबुकि तुझे (स्त्रीला), किताबुहू त्याचे, किताबुहा तिचे, किताबुना आमचे. क्रियापदाला चिकटली की 'मला', 'तुला', 'त्याला' होतात. इला, अला, फी अशा अव्ययांना चिकटली की 'माझ्याकडे', 'तुझ्यावर', 'त्याच्यात' होतात. एकच शेपूट, तीन कामे. त्यात द्विवचन निराळे, आणि 'तुम्ही बायका', 'त्या बायका' यांनाही निराळी रूपे.

आपल्याला हे अगदीच परके वाटायला नको. शाळेत आपण संस्कृतातले मे, ते, नः, वः घोकले. तीही अशीच परावलंबी, वाक्याच्या आरंभी त्यांना येता येत नाही. द्विवचनाचे नौ आणि वाम् सुद्धा त्यांच्यात आहेत. आणि मराठीत 'आंबा खाल्लास का?' असे आई विचारते, तेव्हा त्या इवल्याशा 'स'मध्ये 'तू' बसलेला असतोच की!

या चिकट्या सर्वनामांचे काही बारीक शिष्टाचार आहेत. दौलतुहू म्हणताना जो 'हू' आहे, तोच इलैहि म्हणताना 'हि' होतो, कारण शेजारी ऐकार येऊन बसला. म्हणजे शिवकालीन पत्रातला 'हू' आणि पेशवेकालीन पत्रातला 'हे' हे दोन नव्हेत, एकच गृहस्थ वस्त्रे बदलून आले आहेत. दुसरा शिष्टाचार तर मला फारच आवडला. 'त्याने विचारले' याला अरबीत 'सअल' म्हणतात. 'मला' दाखवणारी ई त्याला थेट जोडली तर क्रियापदाचा शेवटचा अकार ती गिळून टाकील. म्हणून मध्ये एक 'न' उभा करतात: सअलनी, त्याने मला विचारले. त्या नकाराला वैयाकरणांनी नाव दिले आहे, 'नून-अल्-विकाया', रक्षण करणारा नून. देवडीवरचा पहारेकरीच तो!

हे सारे अरबांनी नव्याने निर्माण केले असेही नाही. इराकच्या मातीत इष्टिकांवर कोरलेली अक्कादी भाषा अरबीची वडीलधारी नातलग. हम्मुराबी राजाच्या काळी, म्हणजे ख्रिस्तापूर्वी अठराव्या शतकात, तिथले लोक 'माझा धनी' याला 'बेली' म्हणत. बेल म्हणजे धनी आणि ई म्हणजे माझा. ज्यू लोकांच्या 'रब्बी' या शब्दातही हीच ई आहे, 'माझे गुरू'. साम्राज्ये आली आणि गेली, लिप्या बदलल्या, देव बदलले. 'माझे' म्हणणारी एवढीशी ई मात्र जागची हलली नाही.

आता त्या गांधीलमाशीकडे वळतो.

इसवी सनाच्या आठव्या शतकात बसरा हे विद्येचे मोठे पीठ होते. शीराजजवळच्या एका गावाहून आलेला एक इराणी तरुण तिथे हदीस शिकत होता. परंपरा सांगते की पाठ म्हणताना त्याच्याकडून एका शब्दाची विभक्ती चुकली आणि गुरूंनी चारचौघांत त्याला टोकले. त्या मुलाने मनात धरले की ज्या विद्येत कोणी मला टोकू शकणार नाही तीच आता शिकायची. तो खलील बिन अहमद या थोर पंडितापाशी गेला आणि पुढे त्याने अरबीचे असे व्याकरण रचले की त्याला वेगळे नाव द्यायची कोणाला गरजच वाटली नाही. नुसते 'अल्-किताब', 'ग्रंथ', म्हटले की पुरे. या तरुणाचे नाव सीबवैह. मातृभाषा फारसी, आणि अरबांना अरबीचे नियम समजावून सांगणारा पहिला मोठा आचार्य हा!

बगदाद शहर ७६२ साली वसले आणि विद्वानांचा ओढा तिकडे लागला. हारून अल्-रशीद खलिफाचा वजीर याह्या बिन खालिद बर्मकी मोठा रसिक आणि उदार होता. या बर्मकांशी आपलेही एक दूरचे नाते निघते. त्यांचे पूर्वज बल्खच्या नवविहाराचे, म्हणजे बौद्ध मठाचे, वंशपरंपरागत मुख्य होते. आणि 'बर्मक' हा शब्द संस्कृत 'प्रमुख' यावरूनच आला असे विद्वान मानतात. या याह्याच्या दरबारी सीबवैह आला. प्रतिपक्षी होता कूफा परंपरेचा अग्रणी किसाई, कुराणाच्या सात प्रमाण पाठकांपैकी एक आणि राजपुत्रांचा गुरू.

किसाईने एक साधेच वाक्य पुढे टाकले. "मला वाटत असे, विंचवाचा डंख गांधीलमाशीपेक्षा जहाल, पाहतो तर..." आता पुढे काय म्हणायचे? 'ती तशीच आहे', असे. अरबीत गांधीलमाशी पुल्लिंगी आणि विंचू स्त्रीलिंगी, आपल्या अगदी उलट. म्हणून सीबवैहचे उत्तर आले: 'हुव हिय', तो म्हणजे तीच. दोन्ही सर्वनामे सुटी, दोन्ही प्रथमेतली. किसाई म्हणाला, 'हुव इय्याहा' हेही चालते. या 'इय्याहा'त आपले चिकटे सर्वनाम आहे. 'हा' म्हणजे 'तिला'. पण टेकायला क्रियापद जवळ नसले की त्याला 'इय्या' नावाची काठी देतात. सीबवैहचे म्हणणे असे की इथे 'तिला' म्हणण्याचे कारणच नाही. मग काठी कशाला आणि तिला धरणारा कशाला? तर्क बिनतोड होता.

वजीर पेचात पडला. दोघेही आपापल्या नगरीचे धुरंधर. निवाडा कोणी करायचा? किसाई म्हणाला, "वाळवंटातले अरब आपल्या दाराशी आहेत. ज्यांची भाषा शुद्ध समजतात ते हेच लोक. त्यांना विचारा." बदाऊंना आत बोलावले. त्यांनी किसाईच्या बाजूने कौल दिला. कोणी म्हणतात, किसाईचे दरबारी वजन त्यांना ठाऊक होते. कोणी तर त्यांना पैसे चारले होते असेही लिहून ठेवले आहे. सीबवैह म्हणाला म्हणे, "यांना ते वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणायला सांगा, त्यांची जीभ वळणार नाही." परंतु निकाल लागून गेला होता. किसाईच्याच शब्दावरून वजिराने हरलेल्याला दहा हजार दिरहम दिले. सीबवैह ते घेऊन निघाला, पण बसऱ्याला परतला नाही. तो आपल्या फार्स प्रांतात गेला आणि इ. स. ७९६ च्या सुमारास, ऐन उमेदीच्या वयात, तिकडेच वारला. या पराभवाच्या दुःखाने तो खचला असे जुने चरित्रकार सांगतात. ८०३ साली बर्मकांवर खलिफाची गैरमर्जी झाली. वजीर याह्या कैदेत मेला. सीबवैहचा ग्रंथ मात्र आजही जिथे जिथे अरबीचे व्याकरण शिकवतात तिथे पायाशी आहे. चार शतकांनंतर इब्न अल्-अंबारीने बसरा आणि कूफा यांच्या वादांचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या गांधीलमाशीचेही प्रकरण आहे. एका सर्वनामाच्या जागेसाठी एवढे रण झाले!

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा अर्थातच सीबवैहच्या बाजूचा झालो. आम्ही मास्तर लोक नियमाच्या बाजूचे. पण पुढे एक गोष्ट घडली.

माझी पुतणी दुबईला असते. तिच्या शेजारी बगदादहून आलेले एक कुटुंब आहे. तिथल्या आजीबाईंशी तिची फार गट्टी. मागे ती फोनवर सांगत होती, "अप्पाकाका, आजी यांना विचारतात 'श्लोनक?', आणि मला विचारतात 'श्लोनिच?'. दोघांना मिळून 'श्लोनकुम?'. हे काय?" मी म्हटले, "अगं, लोन म्हणजे रंग. तुझा रंग कसा काय, म्हणजे कशी आहेस. शेवटचा 'अक' म्हणजे पुरुषाला 'तुझा', 'इच' म्हणजे बाईला 'तुझा', 'कुम' म्हणजे तुमचा." ती म्हणाली, "पण आजी म्हणतात, आमच्याकडून शिकू नकोस. आमचे बोलणे अशुद्ध. खरे अरबी पुस्तकात असते."

मी थोडा बेचैन झालो. मौलवीसाहेबांकडे जाऊन 'किताबा'तले ते प्रकरण त्यांच्याकडून समजून घेतले, आणि आजीबाईंचा 'इच' कुठल्या कुळातला ते कळले. अरबीत बोलताना वाक्य थांबले की शेवटचा ऱ्हस्व स्वर गळतो. मग किताबुक आणि किताबुकि या दोहोंचे होते 'किताबुक'. पुरुषाशी बोललो की स्त्रीशी, हे कळायचे कसे? सीबवैहने लिहून ठेवले आहे की तमीम जमातीतले पुष्कळ लोक आणि असद जमातीतले काही, स्त्रीला बोलताना 'क'च्या जागी 'श' आणतात, आणि ते का, तर स्त्री-पुरुषांतला भेद थांबल्यावरही स्पष्ट राहावा म्हणून. तो त्यांना गावंढळ म्हणत नाही. त्यांचे कारण शोधतो. पुढच्या पंडितांनी मात्र या लकबीला 'कश्कशा' असे नाव देऊन निंद्य बोलींच्या यादीत घातले.

पण यादीत घातल्याने बोली मरत नाही. येमेनच्या सना शहरात बाईला आजही 'कैफ हालिश?' असे विचारतात. इराकात आणि आखाताच्या काठी 'इच' आहे. नज्दात 'इत्स' आहे. कैरो आणि दमास्कस यांनी निराळी युक्ती काढली. शेवटचा स्वर गळणारच, तर तो उचलून 'क'च्या आधी ठेवायचा: पुरुषाला किताबक, बाईला किताबिक. मोरोक्कोने मात्र भेद सोडून दिला. तिथे दोघांना एकच 'क'. 'त्याचे पुस्तक' कैरोत किताबू, दमास्कसमध्ये क्ताबो. द्विवचनाची शेपटे बोलण्यातून सगळीकडेच झडली. 'त्या बायकांचे' हे निराळे रूप शहरांनी टाकले, काही बदाऊ आणि खेडवळ बोलींनी राखले. प्रथमा, द्वितीया, षष्ठी दाखवणारे नामांचे अंत्य स्वर, ज्यांच्यासाठी वैयाकरणांनी आयुष्ये घातली, तेही बोलींत नाहीसे झाले. सर्वनामांची शेपटे तेवढी टिकली, आणि कैरोच्या गल्लीत तर त्यांची मालगाडी होते. 'मकतबहालीश' म्हणजे 'त्याने ते मला लिहिले नाही'. म नकाराचा, कतब लिहिले, हा ते, ली मला, आणि शेवटचा श पुन्हा नकाराचा. एका दमात सगळे कुटुंब!

आणखी एक गोष्ट मनाला लागली. बोलींनी मालकी सांगण्यासाठी दुसरे सुटे शब्दही काढले; कैरोत 'बिताअ', मोरोक्कोत 'द्याल'. पुस्तक, घोडा, दुकान यांना ते चालतात. परंतु आई आणि हात यांना जुने शेपूटच लागते: उम्मी, माझी आई. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर अरब ८७० साली आले. पुढे तिथली सत्ता बदलली, लोक ख्रिस्ती आहेत, लिपी रोमन आहे. पण त्यांची भाषा अरबीचीच लेक. तीही पुस्तकाला सुटा शब्द जोडते आणि आईला 'ओम्मी', हाताला 'इदी' म्हणते. जे माणसापासून तोडता येत नाही त्याचे सर्वनामही तोडलेले नाही.

हे सारे टिपून ठेवताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. पुणे-नगर सरहद्दीवरच्या एका शाळेत मी नवा लागलो होतो. निबंध होता आईवर. हा मुलगा उभा राहिला आणि वाचू लागला, "मपली आई..." तिकडे 'माझी'ला 'मपली' आणि 'तुझी'ला 'तुपली' म्हणतात. मी हसलो. मास्तर हसले म्हणून वर्ग हसला. मी त्याला 'माझी आई' शंभर वेळा लिहायला लावले. त्याने लिहिले, अक्षर सुरेख होते. पण त्यानंतर त्या वर्गात तो कधी मोठ्याने वाचायला उठला नाही, आणि दिवाळीनंतर शाळेतही आला नाही. शेतीच्या कामामुळे असेल. तसे मी तेव्हा स्वतःला समजावले.

सीबवैहलाही गुरूंनी टोकले होते, आणि त्यातून तो घडला. पण त्याला टोकले ते त्याने शिकायला घेतलेल्या भाषेत. मी त्या मुलाला त्याच्या आईच्या बाबतीत टोकले. आणि 'मपली' का म्हणतोस, कुठून आले हे, असे मला एकदाही विचारावेसे वाटले नाही. मुलांनी शाळेत प्रमाण मराठी शिकावी, हे मी आजही म्हणेन. परंतु कागदावर 'माझी' लिहवून घ्यायला हसण्याची गरज नव्हती.

मी पुतणीला फोन करून म्हटले, "आजींना माझा सलाम सांग, आणि सांग की तुमचा 'इच' अशुद्ध नाही. त्याच्या घराण्याची नोंद बाराशे वर्षांपूर्वी तुमच्याच बसऱ्याच्या पंडिताने करून ठेवली आहे." तिने सांगितले. आजीबाई पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत म्हणे. मग पुतणीने चहात साखर ढवळून चमचा बाजूला ठेवला, तो मागत त्या म्हणाल्या, "इन्तीनी याहा."

"म्हणजे काय हो, अप्पाकाका?"

मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. इन्तीनी, मला दे; त्यातला पहारेकरी नून जागच्या जागी उभा. आणि 'याहा' म्हणजे तोच 'इय्याहा', काठी टेकत आलेली 'तिला'. इराकात चमचा स्त्रीलिंगी आहे. देण्याच्या क्रियेला दोन कर्मे, म्हणून इथे सीबवैहचीही हरकत नसती. ज्या शब्दावरून बगदादच्या दरबारात तो हरला, तो शब्द बगदादची एक आजी चहाच्या चमच्यासाठी वापरत होती.

"म्हणजे 'तो मला दे'," मी म्हटले. "दे बाई त्यांना लवकर. चहा निवेल."